पट, निकाल आणि लाल शाई: जवळपासच्या सहावी ते आठवीच्या शाळा कशा ताडून पाहाव्यात

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक तक्ता टाकला. विट्याच्या बाजूला आमचं गाव. गावची जिल्हा परिषदेची शाळा, शेजारच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा आणि बाजारगावातलं अनुदानित हायस्कूल, अशा तीन शाळांचा पट आणि निकाल शेजारी शेजारी मांडला होता. खाली माझी एक ओळ होती: 'आपल्या शाळेची गळती बघा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गुरुजींनी गाठलं. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, आमच्याकडं आठवीच नाही. सातवी पास होऊन गेलेल्या पोराला गळती म्हणत नाहीत."

मी पतसंस्थेत वसुलीचा हिशोब बघते. मुदत पूर्ण झालेली ठेव आणि बुडालेलं कर्ज एकाच रकान्यात लिहिलं तर साहेब मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. शाळेच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं. तक्ता काढून टाकला, माफी मागितली आणि मग शाळा व्यवस्थापन समितीत असताना दोन वर्षं हे काम नीट शिकले. पोराला सहावीला कुठं घालायचं हा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी, समितीच्या सदस्यांसाठी आणि ग्रामसभेत शाळेवर तावातावानं बोलणाऱ्यांसाठी ती पद्धत इथं लिहिते आहे.

आधी शाळा कुठून कुठपर्यंत आहे ते बघा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण आपल्याकडच्या शाळा त्याच्या कितीतरी आधीच्या. जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. त्यामुळं सातारा-सांगलीत आजही वाडीवरची शाळा चौथीपर्यंत, मोठ्या गावातली सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीचा वर्ग जोडलेला, आणि हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत किंवा आठवीपासून, असा सगळा मामला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. अशा संस्थांनी हायस्कूलं खेड्यापर्यंत आणली म्हणून आपल्या आज्या-आया शिकल्या. पण हायस्कूलचा वर्ग पाचवीपासून सुरू असेल, तर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेची पाचवी-सहावी रोडावणार हे त्या रचनेतच आहे. त्यात कुणा गुरुजींचा दोष शोधू नये.

म्हणून पहिलं काम: वहीचं एक पान घ्या आणि तुमच्या गावापासून साधारण पाच किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळा लिहा. प्रत्येकीपुढं तीन गोष्टी: पहिला वर्ग, शेवटचा वर्ग, माध्यम. माध्यमात 'सेमी' असेल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, तर तेही. जतच्या बाजूला असाल तर कन्नड माध्यमाची जिल्हा परिषद शाळा असू शकते, मिरजेकडं उर्दू माध्यमाची. माध्यम वेगळं असेल तर पटाची तुलना करू नका, तिथं मुलं येण्याची कारणंच वेगळी असतात.

आता जे वर्ग दोन्ही शाळांत आहेत तेवढेच ताडायचे. एक शाळा सातवीपर्यंत आणि दुसरी दहावीपर्यंत असेल तर सहावी-सातवीच बघायची. एकूण पटाला हात लावायचा नाही. मी इथंच चुकले होते.

अंतरही लिहून ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांत सहावी ते आठवीसाठी शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी असं धरलं आहे. कागदावर ३ किलोमीटर म्हणजे ओढ्यावरून की डांबरी रस्त्यानं, हे मुलीच्या आईला विचारा.

आकडे कुठून आणायचे

देशातल्या प्रत्येक शाळेला यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीचा, ११ अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, सातारा ३१ आणि सांगली ३५. मग तालुका, गाव आणि शेवटचे दोन अंक शाळेचे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर हा क्रमांक बहुतेक रंगवलेला असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' भागात तो टाकला की वर्गवार पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहं अशी माहिती मिळते. मागच्या वर्षांची पत्रकंही काढून ठेवा. किमान तीन वर्षं पाहिजेत, पाच असतील तर उत्तम.

या नोंदींसाठी ३० सप्टेंबर ही तारीख धरतात. शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यताही वर्षानुवर्षं याच तारखेच्या पटावर होत आली आहे. ही तारीख डोक्यात पक्की ठेवा. जूनचा पट एका शाळेचा आणि सप्टेंबरचा दुसरीचा, असं ताडलंत तर मेहनत पाण्यात. जूनमध्ये नावं घातलेली असतात, पोरं अजून आलेली नसतात.

बाकीचं शाळेतच मिळतं: जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, निकालपत्रक, पोषण आहाराची नोंदवही. समितीच्या सदस्यांना बघायला अडचण यायला नको. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीच्या विषयपत्रिकेत 'मागील तीन वर्षांचा पट व निकाल' असा विषय लेखी घालायला सांगा. तोंडी मागितलं की "बघू, देतो", लेखी विषय आला की कपाट उघडतं.

दुसऱ्या गावच्या शाळेची माहिती हवी असेल तर आधी केंद्रप्रमुखांना भेटा. केंद्रातल्या सगळ्या शाळांचं संकलन त्यांच्याकडं असतं आणि बरेचसे केंद्रप्रमुख विचारणारा पालक आला म्हणून खूश होतात. नाहीच मिळालं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालय. अगदीच अडलं तर माहितीचा अधिकार: जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण शेजारच्या शाळेवर पहिल्याच दिवशी माहितीचा अधिकार टाकू नका. गावात ते भांडण म्हणूनच वाचलं जातं आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला त्या शाळेत कुणी चहा विचारत नाही.

पट मोजताना पोरांची नावं मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. गावच्या शाळेत वर्गात ११ मुलं असतात. एक मूल गेलं की ९ टक्के घट. अशा आकड्यांवर टक्केवारी काढणं म्हणजे चिमूटभर मीठ वजनकाट्यावर मोजणं. त्यापेक्षा नावं घ्या.

एक तुकडी धरा. समजा २०२२-२३ च्या सहावीत २४ मुलं होती आणि २०२४-२५ च्या आठवीत २१ आहेत. वरवर बघता तीन गेली. आता सहावीची यादी आणि आठवीची यादी शेजारी ठेवून नावं जुळवा. मूळच्या २४ पैकी १६ च उरलेत आणि पाच नवी आलीत असं निघेल. म्हणजे गेली आठ. त्या आठांपुढं कारण लिहा: तीन कुटुंबासोबत परराज्यात, दोन इंग्रजी माध्यमात, एक आजोळी, एक वसतिगृहाच्या शाळेत. आणि एक मुलगी, जिचा दाखला कुणी नेलेला नाही, दुसऱ्या कुठल्या शाळेतून मागणी आलेली नाही आणि घराला कुलूप आहे.

'तीन गेली' या आकड्यात ही मुलगी दिसतच नाही. गळती म्हणायची ती हीच. बाकीची सात स्थलांतरित. त्यातली दोन, इंग्रजी माध्यमात गेलेली, हा शाळेविषयी पालकांनी दिलेला खरा कौल. शाळेला काही विचारायचं असेल तर या दोन घरांत जाऊन विचारा: का काढलं? उत्तर बहुतेक वेळा 'इंग्रजी' नसतं. पिवळी बस दारात येते, धाकटा त्याच शाळेत आहे, जावेचा मुलगा तिथं जातो, असं काहीतरी असतं.

जनरल रजिस्टर पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला आठवतो. गुरुजींनी कपाटातून जाडजूड, पाठ निखळलेलं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि मधलं पान उघडलं. आडव्या ओळींत मुलांची नावं, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. जिथं मूल शाळा सोडून गेलं तिथं शेवटच्या रकान्यांत लाल शाई: दाखला दिल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात पानभर एकच शब्द खाली खाली लिहिलेला होता, 'परगावी'. मी विचारलं, "परगावी म्हणजे कुठं?" गुरुजींनी बोट ठेवत ठेवत तोंडानं सांगितलं: हा केरळात, ही बरेलीला, हा कोलकात्याला, ही दोघं भावंडं हैदराबादला. रजिस्टरात एक शब्द होता, गुरुजींना पंधरा पत्ते पाठ होते.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातल्या कुणाला यात नवल वाटणार नाही. सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक इथूनच देशभर गेले. पोरं आजीजवळ ठेवायची की सोबत न्यायची, हे दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचा नातू दोन वर्षं तिकडं होता, पण नाव इथंच. मी विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीला येतंय की बाळ. दाखला कशाला काढायचा, नाव गावात असू दे." पूर्वी अशी नावं पटावर राहायची. आता यू-डायसमध्ये प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते आणि संच मान्यतेत आधार जुळलेली नावं धरतात, त्यामुळं अशी नावं गळून पडतात. जुन्या पटाशी नवा पट ताडताना हे ध्यानात ठेवा. काही ठिकाणी पट घसरला असं दिसतं तेव्हा प्रत्यक्षात फक्त वही खरी झालेली असते.

पट का हलला, याची गावोगावची उत्तरं

पाटण, जावळीच्या डोंगरात मुंबईची वाट जुनी आहे. माथाडी कामगार म्हणून बाप गेला, मग कुटुंब गेलं. तिथल्या वाडीत शाळा चांगली असूनही पट सात-आठ असतो. जत, आटपाडी, माणमधून ऊसतोडीला टोळ्या जातात, तर कराड, वाळव्याकडं कारखान्याच्या हंगामात बाहेरची मुलं येतात. म्हणजे एका तालुक्याचा पट दिवाळीनंतर रिकामा होतो आणि दुसऱ्याचा भरतो. तुमच्या शाळेत असं असेल तर सप्टेंबरच्या पटाशेजारी जानेवारीचा पटही लिहा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते किती जणांना दिलं, आणि त्यातली किती मुलं उन्हाळ्याआधी परत वर्गात बसली, हे विचारा. एवढ्या एका प्रश्नावरून शाळा किती जागी आहे ते कळतं.

आणि एक कारण जे कुणी बोलत नाही: मुलंच कमी जन्माला येताहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. अंगणवाडीताईंकडं किंवा आशाताईंकडं दहा-बारा वर्षांपूर्वीच्या जन्मांची नोंद मिळते का बघा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतून घ्या. गावात त्या वर्षी १८ जन्म असतील तर सहावीत ३० मुलं येणार कुठून? माझ्या मते पटाचा खरा मापदंड एकच: गावात त्या वयाची जितकी मुलं राहतात त्यातली किती या शाळेत येतात. दोन शाळांचे हे हिस्से ताडा, पट नको.

पटाचा हिशोब नुसता अब्रूचा नाही. शिक्षक त्यावर मिळतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संच मान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांची शिक्षकपदं धोक्यात आली. त्यावरून शिक्षक संघटनांनी आंदोलनं केली. तुमच्या शाळेत सहावी ते आठवीची मुलं २३ असतील तर गलाईवाल्यांची चार घरं कुठं राहतात यावर शिक्षक राहणार की जाणार हे ठरू शकतं.

पट आहे, पण मुलं येतात का

यासाठी हजेरीपत्रकापेक्षा पोषण आहाराची वही मला जास्त विश्वासाची वाटते. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम तांदूळ, पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम. वहीत दोन्ही गटांची नोंद वेगळी असते. एखाद्या दिवशी मोठ्या गटासाठी ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिजला असेल तर २८ मुलं जेवली. त्या दिवसाच्या हजेरीत ३७ असतील तर नऊ मुलं कुठं गेली, हा सरळ प्रश्न आहे. (उपास असतो, डबा आणणारी असतात. एक-दोघांचा फरक धरू नका.)

दिवस निवडताना हुशारीनं निवडा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा, गावच्या यात्रेनंतरचा, द्राक्षाच्या छाटणीच्या आठवड्यातला आणि एक साधा मंगळवार. दोन्ही शाळांचे तेच दिवस घ्या. मुलींची हजेरी वेगळी मोजा. आमच्याकडं सातवीनंतर मुली बाजारगावच्या हायस्कूलला जातात आणि तिथं त्यांची हजेरी एसटीच्या वेळेवर चालते. पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण साडेनऊची गाडी रद्द झाली की पास काय कामाचा.

निकाल: कुठला फलक कुणाच्या नावावर

जूनमध्ये बाजारगावात फ्लेक्स लागतात. शिष्यवृत्तीधारक, एनएमएमएस पात्र, नवोदयसाठी निवड. मुलांचे फोटो, वर संस्थाचालक, खाली शुभेच्छुक. पालक या फ्लेक्सवरून शाळा ठरवतात. ते वाचायचे कसे ते सांगते.

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना देतात, प्रवेश सहावीला मिळतो. सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे. त्यात निवड झालेलं मूल म्हणजे त्याच्या पहिली ते पाचवीच्या शाळेची कमाई. सहावी ते आठवी ताडताना हा आकडा बाजूला ठेवा.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीला असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. परीक्षा बहुधा डिसेंबरात होते. आता बघा: मूल सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलं, जूनमध्ये हायस्कूलच्या आठवीत गेलं, डिसेंबरात परीक्षा दिली. फ्लेक्स हायस्कूलचा. सात वर्षांची मशागत एकाची आणि सहा महिन्यांनी कापणी दुसऱ्याची. हायस्कूलनं जादा तास घेतले असतील, त्याचं श्रेय द्याच. पण तुलनेच्या वहीत प्रत्येक पात्र मुलापुढं 'सातवी कुठून' हा रकाना करा. आमच्या वहीत हा रकाना भरला तेव्हा गावच्या शाळेचे गुरुजी बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले होते.

शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला. म्हणजे मधली वर्षं सातवीपर्यंतच्या शाळेला वरच्या गटाची शिष्यवृत्ती परीक्षाच नव्हती. जुन्या आणि नव्या वर्षांचे आकडे एका ओळीत लावू नका.

या परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र'. पात्र होणं वेगळं आणि गुणवत्ता यादीत येऊन शिष्यवृत्ती मिळणं वेगळं. फ्लेक्सवर दोन्हींची सरमिसळ असते, विचारून घ्या.

आणि सगळ्यात मोठी मेख बसलेल्या मुलांच्या आकड्यात. समजा एका शाळेच्या वर्गात ४० मुलं, त्यातली निवडक आठ परीक्षेला बसवली, सहा पात्र. निकाल ७५ टक्के. दुसऱ्या शाळेत २२ मुलं, सगळीच्या सगळी बसवली, नऊ पात्र. निकाल ४१ टक्के. पेपरात पहिली शाळा झळकेल. आता पटानं भागा: पहिलीत ४० पैकी सहा, म्हणजे १५ टक्के, दुसरीत २२ पैकी नऊ, म्हणजे ४१. माझं पोर हुशारांतलं नसेल, मधल्या बाकावरचं असेल, तर मी डोळे झाकून दुसऱ्या शाळेत घालीन.

एका वर्षाच्या निकालावर काहीही ठरवू नका. तीन वर्षांची मुलं एकत्र करून भागा. एखाद्या वर्षी तीन चुणचुणीत भावंडं-चुलतभावंडं एकाच वर्गात आली की शाळा 'सुधारते', ती पुढं गेली की 'बिघडते'.

आठवीची वार्षिक परीक्षा आता खरी परीक्षा आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला नापास झालेल्याची फेरपरीक्षा होते आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. तरी पास-नापासाच्या टक्क्यातून फार काही कळत नाही. विचारायचं ते एवढंच: फेरपरीक्षेला किती बसले आणि त्यांच्यासाठी उन्हाळ्यात कुणी शिकवलं का.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतात त्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या चाचण्या. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापनाच्या दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यभर सारखी. त्याच मुलांचे पायाभूतचे गुण आणि संकलित २ चे गुण शेजारी ठेवले की शाळेनं वर्षभरात काय केलं ते दिसतं. ज्या शाळेत आधीच तयार मुलं येतात तिचा निकाल चांगलाच असणार, कस लागतो तो १२ गुणांवरच्या मुलाला १९ वर नेण्यात. अडचण एकच: पेपर शाळेतच तपासले जातात, हात सैल असू शकतो. म्हणून पाच-सहा उत्तरपत्रिका बघायला मागा. पालक म्हणून तुमच्या मुलाची तर बघाच.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि 'असर' (मुलांच्या वाचन-गणिताची घरोघरची पाहणी) यांचे आकडे ग्रुपवर फिरतात. ते जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पातळीचे असतात. तुमच्या गावच्या शाळेविषयी त्यातून काही निघत नाही.

पारावरचा भागाकार

कागद पुरे झाले की मुलांसोबत अर्धा तास बसा. 'असर'वाले घरोघरी जाऊन विचारतात तीच साधी तपासणी: दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायचा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. आई-बापांना आधी विचारा, शाळेत जाऊन करू नका, आणि 'परीक्षा' हा शब्द उच्चारू नका.

आम्ही मारुतीच्या देवळाच्या पारावर बसलो होतो. दोन शाळांतली सातवीची पाच-पाच मुलं. उतारा सगळ्यांनी वाचला, दोघं अडखळले. मग मी ६१८ भागिले ६ दिलं. मुद्दाम हेच, कारण मध्ये शून्य येतं. एका शाळेतल्या पाचांपैकी तिघांनी उत्तर लिहिलं १३. सहा एके सहा, मग एकाला सहाचा भाग जात नाही म्हणून आठ खाली घेतला, सहा त्रिक अठरा, झालं. शून्य हवेत. मी त्यातल्या एकाला म्हटलं, "सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटले तर एकेकाला तेराच?" तो पाटीकडं बघत राहिला, मग हसून स्वतःच शून्य घातलं. म्हणजे रीत पाठ होती, अंदाज लावायची सवय नव्हती. आणि ही तीन मुलं होती ज्या शाळेचा फ्लेक्स सगळ्यात मोठा होता तिथली.

पाच मुलांवरून शाळेची परीक्षा होत नाही, मान्य. पण गुरुजींशी काय बोलायचं ते कळतं.

शिक्षक मोजा, आणि कधीपासून आहेत तेही

सहावी ते आठवीला कायद्यानं वर्गागणिक किमान एक शिक्षक, ३५ मुलांमागं एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा या तिन्हींसाठी शिक्षक हवा. वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक आहेत का, हे तिसरं सगळ्यात आधी विचारा. ते पद रिकामं असेल तर बाकीचे आकडे कितीही गोड असोत, आठवीच्या बीजगणिताला कुणीतरी वेळ मारून नेतंय.

प्रत्येक शिक्षक या शाळेत कधी आले तेही लिहा. जिल्हा परिषदेत बदल्या होतात. तीन वर्षांचा चांगला निकाल ज्या बाईंमुळं आला त्या गेल्या वर्षी बदलून गेल्या असतील, तर तो निकाल आता दुसऱ्या गावात शोधायला हवा. सहावी आणि सातवी एकत्र बसवतात का, हेही बघून या. कागदावर दोन वर्ग, फळा एक.

मांडायचं कसं

एका शाळेला एक पान. वर इयत्ता, माध्यम, अंतर. खाली: गावातल्या त्या वयाच्या मुलांतली किती इथं, तुकडीतली किती टिकली, गेलेल्यांची कारणं, चार दिवसांची जेवणावळ, पटाच्या मानानं पात्र मुलं तीन वर्षांची मिळून, पायाभूत ते संकलित किती वाढ, शिक्षक. पहिला-दुसरा नंबर लावू नका. बेरीज करून 'एकूण गुण' तर अजिबात काढू नका. ज्याचं घर ओढ्यापलीकडं आहे त्याला अंतर महत्त्वाचं, ज्याचं पोर भागाकारात अडलंय त्याला शिक्षक.

मुलांची नावं फक्त तुमच्या वहीत. ग्रामसभेत, ग्रुपवर कुठंही नाव, गुण, आधार, जात जाता कामा नये. 'आठ मुलं गेली, त्यातली तीन परराज्यात' एवढं पुरतं. छोट्या गावात 'एक मुलगी शाळाबाह्य' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं, म्हणून ते सभेत न बोलता मुख्याध्यापकांना आणि शाळेत बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना परत आणायचं काम बघणारे शिक्षक) असतील तर त्यांना सांगा, आणि आधी त्या घरी जाऊन या.

पान मांडायच्या आधी ते त्या त्या शाळेच्या गुरुजींना दाखवा. चुका तेच काढतील, आणि काढू द्या. माझ्या पहिल्या पानात त्यांनी सात काढल्या.

आणि वेळ साधा. ३० सप्टेंबरचा पट पक्का होतो आणि दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. पान त्याआधी तयार ठेवायचं तर जनरल रजिस्टर ऑगस्टातच बघायला मागावं लागतं. मी यंदा पंचमी झाल्यावर जाणार आहे. लाल शाईच्या रकान्यात 'परगावी' असेल तिथं गावाचंही नाव लिहायचं, असं गुरुजींनी जूनपासून कबूल केलंय.